मधला काटा का हलत नाही? नव्याने क्रोनोग्राफ घेणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी भाच्याचा फोन आला. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागून त्याला चार महिने झाले होते आणि पहिल्या बचतीतून त्याने घड्याळ घेतलं होतं. "मामा, मी फसलो. नवं कोरं घड्याळ आणि सेकंदकाटा बारावरून हलतच नाही. उद्या परत करून येतो." मी म्हटलं, "दमाने घे. सहाच्या आकड्यापाशी एक लहान तबकडी आहे ना, तिच्यातला काटा बघ." थोडा वेळ काहीच आवाज नाही. "तो फिरतोय." "मग घड्याळ चालू आहे. आता चावीच्या वरचं बटण दाब." पलीकडून "अरेच्चा!" ऐकू आलं, आणि घड्याळ काही दुकानात परत गेलं नाही.

असा फोन मला आजवर चौघांनी केलाय. चौघेही शिकलेसवरलेले. चूक त्यांची नाही. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ; त्याच्यासोबत जी पुस्तिका येते ती बारा भाषांत असते आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. म्हणून पहिल्या महिन्यात जे कळायला हवं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी तबकडी वाचायला शिका

क्रोनोग्राफमध्ये दोन कामं एकत्र असतात. तास-मिनिटांचे काटे नेहमीसारखी वेळ दाखवतात. मधला लांब सेकंदकाटा मात्र मोजणीसाठी राखून ठेवलेला असतो. बटण दाबेपर्यंत तो बारावर उभा राहतो. घड्याळ चालू आहे की नाही हे सांगणारा सेकंदकाटा कुठल्यातरी लहान तबकडीत असतो. काही स्वस्त मशीनमध्ये तोही नसतो, तेव्हा मिनिटकाटा सरकतोय का हे पाहणं एवढंच हाती उरतं.

उरलेल्या लहान तबकड्यांत एक मिनिटं मोजते. ती ३० मिनिटांची आहे की ६० ची, हे पहिल्या दिवशीच बघून ठेवा. तिसरी तबकडी तासांची असेल, नाहीतर २४ आकड्यांची. ही २४ आकड्यांची तबकडी लोकांना हमखास चकवते. ती काहीही मोजत नाही. चालू वेळ २४ तासांच्या हिशेबात दाखवते, म्हणजे दुपारचे दोन की रात्रीचे दोन एवढंच. भाच्याच्या घड्याळात नेमकी हीच रचना आहे: नऊच्या बाजूला ६० मिनिटं, सहाच्या बाजूला चालू सेकंद, तीनच्या बाजूला २४ तास.

वाचायचं कसं? आधी मिनिटांची तबकडी, मग मधला काटा. मिनिटांचा काटा सातच्या पुढे सरकलाय आणि मधला काटा ४२ वर आहे, तर ७ मिनिटं ४२ सेकंद. सवय नसलेला माणूस आधी मधला काटा वाचतो आणि तोवर मिनिटांचा आकडा विसरतो.

जाता जाता एक: क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर हे वेगळे शब्द आहेत. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ. स्विस संस्थेच्या चाचणीत यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच सूट असते. दुकानदारही हे दोन शब्द बिनदिक्कत अदलाबदल करून वापरतात.

मग बटणं

चावीच्या वरचं बटण: सुरू. तेच पुन्हा: थांब. खालचं बटण: शून्यावर. एवढंच आहे.

एक नियम मात्र कायमचा पाळा. मोजणी चालू असताना खालचं बटण दाबू नका. सेलवरच्या बऱ्याच घड्याळांत त्याने फार काही बिघडत नाही, काहींत तर मधली वेळ दाखवण्यासाठी ती सोयच असते. पण चावीच्या किंवा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये आत हातोडीसारखा एक भाग असतो, तो हृदयाच्या आकाराच्या चकतीवर आपटतो आणि काटा झटक्यात शून्यावर येतो. ही चकती अडोल्फ निकोल यांनी १८४४ मध्ये पेटंट केली. तिच्याआधी काटा असा एका दाबात परत आणायची सोय सर्रास नव्हती. गिअर गुंतलेले असताना त्यावर हातोडी आपटली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. 'फ्लायबॅक' लिहिलेलं घड्याळ याला अपवाद, ते त्यासाठीच बनवलेलं असतं.

पहिले दोन दिवस उगाच दाबत बसा. खरंच. तो खटका हाताला कळतो आणि कुठलं बटण किती जोर मागतं ते अंगवळणी पडतं. एकाच बटणाचं घड्याळ असेल तर सुरू, थांब, शून्य हे ओळीने त्याच बटणावर होतं. मग थांबवलेली मोजणी तिथून पुढे चालू करता येत नाही. दोन बटणांची गरज इथूनच निर्माण झाली. ब्राइटलिंगने १९१५ मध्ये बटण चावीपासून वेगळं केलं आणि १९३४ मध्ये शून्यावर आणणारं दुसरं बटण दिलं. आपण आज दाबतो ती मांडणी तेव्हापासूनची.

लोक घेतात कशासाठी

खरं सांगायचं तर दिसण्यासाठी. तीन लहान तबकड्या, दोन बटणं, कडेला आकड्यांची पट्टी. मनगटावर यंत्र बांधल्यासारखं वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही. मीही माझं पहिलं तसंच घेतलं.

दुसरं कारण गोष्टींचं. १८२१ मध्ये पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेक यांनी एक पेटी आणली. घोडा रेषा ओलांडताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. क्रोनोग्राफ म्हणजे 'काळ लिहिणारा', हे नाव त्या शाईमुळे पडलं. त्याहून आधी, १८१६ मध्ये, लुई मोआने यांनी आकाशनिरीक्षणासाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र पूर्ण केलं होतं, पण जगाला त्याचा पत्ता लागायला २०१३ उजाडलं. मग मोटारींच्या शर्यती आल्या, विमानं आली, आणि शेवटी चंद्र. ओमेगाचं स्पीडमास्टर १९५७ मध्ये आलं ते मोटारींच्या शर्यतीसाठी. नासाने १९६५ मध्ये ते अंतराळवीरांसाठी मान्य केलं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चं यान बिघडलं, वीज वाचवायला उपकरणं बंद ठेवावी लागली, आणि दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद मनगटावरच्या घड्याळाने मोजले गेले. असली गोष्ट एकदा कानावर पडली की माणूस घायाळ होतो. नट पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं, त्यातही पोलादापेक्षा गोष्टीचीच किंमत जास्त होती.

तिसरं कारण वापराचं, आणि ते घड्याळ घेतल्यानंतर सापडतं. फोनमध्ये स्टॉपवॉच आहे, तो याच्याहून अचूक आहे, हे मान्य. पण आमच्या फोंड्यात नाटकाच्या तालमी चालतात. एकांकिका स्पर्धेत वेळेची मर्यादा असते आणि प्रवेश कुठे लांबतोय हे विंगेतून पाहावं लागतं. काळोखात फोन काढला की चेहऱ्यावर निळा उजेड, दिग्दर्शकाची शिवी, वर मध्येच कुणाचा तरी 'पावलात काय घरा?' (पोचलात का घरी?) असा संदेश. घड्याळाचं बटण न बघता दाबता येतं. गेली काही वर्षं मी प्रवेशागणिक वेळ वहीत उतरवतो, आणि दुसऱ्या अंकातलं भांडण दर तालमीला वाढत जातं हे नटांना पुराव्यानिशी दाखवतो.

मोजायचं काय, आणि कडेच्या आकड्यांचं काय करायचं

बहुतेक घड्याळांच्या कडेला 'टॅकिमीटर' असतो. एक किलोमीटर कापायला किती सेकंद लागले त्यावरून ताशी वेग दाखवणारी ही पट्टी. गणित सोपं: ३६०० भागिले सेकंद. एका किलोमीटरच्या दगडापाशी सुरू, पुढच्या दगडापाशी थांब. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर. गाडी चालवणाऱ्याने हा खेळ करू नये, बाजूला बसणाऱ्याने करावा. कोकण रेल्वेत खिडकीशी बसलात आणि रुळांलगतचे किलोमीटरचे फलक दिसत असतील तर फार मजा येते: ४० सेकंद म्हणजे ९०.

अडचण अशी की वेग ताशी ६० च्या खाली असला तर काटा पूर्ण फेरी मारून पुढे जातो आणि पट्टी निरुपयोगी होते. फोंडा ते पणजी कदंबच्या बसमधून सकाळी नऊला निघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. अशा वेळी अर्धा किलोमीटर मोजून आलेला आकडा निम्मा करावा. पण एवढा खटाटोप कुणी दोनदा करत नाही.

याच पट्टीचा एक घरगुती उपयोग कुणी सांगत नाही. एक वस्तू करायला लागणारे सेकंद मोजले की काटा तासाला किती वस्तू होतील ते दाखवतो. चवथीला आमच्याकडे नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, घाणा असतो. वहिनी एक नेवरी भरून, मुरड घालून ताटात ठेवते, ते मी मोजलं: ४५ सेकंद. "तासाला ऐंशी," मी जाहीर केलं. ती म्हणाली, "आणि आतलं चून कोण परतणार? लाट्या कोण करणार? तो काटा ठेव आणि खोबरं खवायला बस." हिशेबात त्रुटी होती हे कबूल.

आपल्या हवेत खरी कामाची पट्टी टेलिमीटर, जी आता थोड्याच घड्याळांवर दिसते. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. या फरकावरून अंतर. पहिल्या महायुद्धात तोफेचा जाळ दिसला की बटण दाबायचे आणि आवाज आला की थांबवायचे. आपल्याकडे मे अखेरीस आणि परतीच्या पावसात संध्याकाळी ढग गडगडतात तेव्हा हे करून बघा. वीज चमकली, बटण, गडगडाट, बटण. पट्टी नसली तरी सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर: ९ सेकंद म्हणजे साधारण ३ किलोमीटर. हा नुसता खेळ नाही. चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर घरात जावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नये, असा विजेपासून बचावाचा जुना नियम आहे. ती तीस मिनिटं मोजायला क्रोनोग्राफसारखं साधन नाही: प्रत्येक नव्या गडगडाटाला थांब, शून्य, पुन्हा सुरू. बागायतीत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी हे दाखवलं, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात घड्याळाची किंमत विचारली.

पल्सोमीटर ही डॉक्टरांची पट्टी. तबकडीवर १५ किंवा ३० ठोक्यांची असं लिहिलेलं असतं. तेवढे ठोके मोजून थांबवलं की मिनिटाचा दर मिळतो. पट्टी नसेल तर ३० ठोके मोजा आणि १८०० ला सेकंदांनी भागा. २५ सेकंद आले तर ७२.

आणि हे सगळं सोडून रोज वापरली जाते ती मिनिटांची तबकडी. चहा मुरायला ठेवला, अंडी उकडायला ठेवली, गाडी धुऊन येईपर्यंत, रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट यायची वाट पाहताना. सेकंदाच्या अपूर्णांकाचं कौतुक पुस्तिकेत पुष्कळ असतं: तासाला २८,८०० ठोके देणारं मशीन सेकंदाचे आठ भाग करतं, ३६,००० वालं दहा. आपलं बोटच सेकंदाचा पाचवा भाग उशिरा दाबतं, तिथे कसले दहा भाग! मिनिटांचा काटा लांबून, चष्म्याशिवाय वाचता येतो का, हे त्याच्या दहापट महत्त्वाचं.

कुठलं घ्यावं

म्हणूनच दुकानात पहिली परीक्षा हीच: घड्याळ हातभर लांब धरा आणि मिनिटांची तबकडी वाचा. पांढऱ्या तबकडीवर काळ्या लहान तबकड्या, ज्याला शौकीन 'पांडा' म्हणतात, ती मांडणी नुसती देखणी नाही, वाचायलाही सोपी. रंगसंगती एकसारखी असलेलं घड्याळ शोकेसमध्ये छान दिसतं आणि संध्याकाळी सहानंतर काही सांगत नाही.

दुसरी परीक्षा: दोन्ही बटणं खरोखर काम करतात का. जत्रेतल्या एका ठेल्यावरून मी कॉलेजात असताना घेतलेल्या 'क्रोनोग्राफ'च्या लहान तबकड्या छापलेल्या होत्या, काटे चिकटवलेले. बटणं दाबली जायची, एवढंच.

पहिलं घड्याळ सेलवरचं घ्या. टायटन, कॅसिओ, सिटिझन यांच्याकडे आवाक्यातले पुष्कळ आहेत. त्यातल्या त्यात 'मेकाक्वार्ट्झ' मशीन मिळालं तर उत्तम: वेळ सेलवर चालते, पण बटणं आणि शून्यावर येणं यांत्रिक, त्यामुळे तो खटका मिळतो आणि काटा एका झटक्यात परत येतो. सायकोची व्हीके मालिका यासाठी प्रसिद्ध, अनेक लहान कंपन्या तीच वापरतात. चावीचं हवंच असेल तर चीनचं सीगल १९६३ बघा. जुन्या स्विस व्हीनस १७५ वरून घडवलेलं मशीन, मागच्या काचेतून सगळे गिअर हलताना दिसतात. ऑटोमॅटिकमध्ये वाल्जू ७७५० सर्वत्र आढळतं, १९७० च्या दशकापासूनचं, दणकट, आणि दुरुस्त करणारे मिळतात. फक्त ते जाड आहे. मशीनच जवळजवळ ८ मिलिमीटर. शर्टाच्या बाहीखाली जात नाही. गोव्यात पूर्ण बाही घालतो कोण, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही.

जुन्याच्या नादी लगेच लागू नका. सायको ६१३९ हे १९६९ च्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक, मोहात पाडणारं. पण बाजारात त्याचे कितीतरी नग पुन्हा रंगवलेल्या तबकडीचे आणि तीन घड्याळांचे भाग जोडलेले असतात. जगभरचे संग्राहक अशांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नाही. पन्नास वर्षांची तबकडी कालच रंगवल्यासारखी चकचकीत दिसली की हात मागे घ्या.

यांत्रिक घेण्याआधी आपल्या घड्याळवाल्याला विचारा: "क्रोनोग्राफ उघडता का?" बरेच जण स्पष्ट नाही म्हणतात, ते प्रामाणिक. साध्या घड्याळापेक्षा त्याची सर्व्हिसिंग बरीच महाग पडते आणि साधारण पाच वर्षांनी ती करावी लागते, हे किमतीत धरूनच घ्या.

खारा वारा, घाम आणि पाऊस

क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा दोन भोकं जास्त असतात. बटणांच्या दांड्याभोवती रबरी वॉशर असतो, आणि दाबताना पाण्याचा दाब असेल तर तोच दगा देतो. मागे '३० मीटर' लिहिलंय म्हणजे हात धुताना चालेल. पोहायचं तर १०० मीटर हवं, आणि तरीही पाण्यात बटण दाबायचं नाही. मी मिरामारला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोन लाटांमधला वेळ मोजला. शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी काचेच्या आत धुकं, दहाव्या दिवशी खालचं बटण आत अडकलेलं. काचेखाली वाफ दिसली तर त्याच दिवशी उघडून वाळवून घ्यावं. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ बाहेर येत नाही.

किनाऱ्यावरून आलात की पोलादी घड्याळ गोड्या पाण्याने हलकेच पुसा, बटणांच्या बुडाशी मऊ ब्रश फिरवा. तिथे घाम आणि मीठ साचून बटण जड होतं. चामड्याचा पट्टा जून ते सप्टेंबर कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. पावसात नायलॉन किंवा रबर. मोजणी चालू ठेवून झोपू नका: सेल लवकर संपतो, यांत्रिकात झीज वाढते. तारीख असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ती चावीने बदलू नका.

काटा शून्यावर येत नसेल तर

कधी धक्क्याने, कधी सेल बदलल्यावर मधला काटा बाराऐवजी एक-दोन सेकंद पुढे थांबतो. सेलवरच्या बहुतेक घड्याळांत चावी शेवटपर्यंत बाहेर ओढून वरचं बटण एकेकदा दाबलं की काटा एकेक घर सरकतो. बारावर आला की चावी आत. यांत्रिक आणि मेकाक्वार्ट्झमध्ये हा उपाय नाही, कारण तिथे हातोडी आपलं काम बरोबर करत असते, काटाच दांड्यावर फिरलेला असतो.

भाच्याचं घड्याळ याच रोगाने मे महिन्यात आजारी पडलं. स्कूटरवरून पडला, त्याला खरचटलं, काटा तीन सेकंद पुढे. फोन अर्थातच आधी काट्याबद्दल. त्याला घेऊन घड्याळवाल्याकडे गेलो. त्यांनी काटा उपसून पुन्हा बारावर बसवला, चारदा बटण दाबून खात्री केली आणि झाकण लावलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागले. समोर बाकावर बसून मी दुसरं करणार काय!